शिळी बातमी आणि टनभर सामान

१७ जुलै १८९७ च्या सकाळी अमेरिकेतल्या सिएटलच्या धक्क्याला पोर्टलंड नावाचं जहाज लागलं. उतरणाऱ्यांच्या पेट्यांत, थैल्यांत, घोंगड्यांच्या गाठोड्यांत सोनं होतं. गावातल्या वर्तमानपत्रानं टनभर सोनं आल्याचं छापलं. प्रत्यक्षात ते दोन टनांच्या आसपास होतं. म्हणजे वर्तमानपत्रानं आकडा कमी सांगितल्याचं हे एक दुर्मीळ उदाहरण. पुढच्या काही दिवसांत ट्रामचालक, पोलीस, दुकानांतले नोकर हातातली कामं टाकून उत्तरेकडे निघाले. शहराचे महापौर डब्ल्यू. डी. वुड तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत होते. त्यांनी तिथूनच तारेनं राजीनामा पाठवला आणि क्लॉन्डाइकला जाण्यासाठी जहाजाची जुळवाजुळव सुरू केली.

त्या सकाळी धक्क्यावर जमलेल्या गर्दीला एक गोष्ट उमगली नव्हती. सोनं सापडलं होतं १६ ऑगस्ट १८९६ ला, कॅनडाच्या युकॉन भागात, क्लॉन्डाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात. कीश, त्याची बहीण शा त्ला, भाचा का गूश आणि बहिणीचा नवरा जॉर्ज कारमॅक ही ती मंडळी. त्यानंतर युकॉनच्या खोऱ्यात आधीपासून राबणाऱ्या खाणकऱ्यांनी काही महिन्यांतच त्या ओढ्यावरचे आणि शेजारच्या एल्डोरॅडो ओढ्यावरचे कसदार पट्टे खुंट्या ठोकून आपल्या नावावर करून घेतले. हिवाळा आला, नदी गोठली, बातमी तिथंच अडकली. सिएटलला पोहोचली तेव्हा ती अकरा महिने शिळी होती. आणि ती वाचून निघालेली बहुतेक माणसं त्या ओढ्यांजवळच्या डॉसन गावी पोहोचली जून १८९८ मध्ये, शोधानंतर जवळजवळ पावणेदोन वर्षांनी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त इथं घोडी सुमारे एक लाख होती.

त्या एक लाखांपैकी तीस ते चाळीस हजार डॉसनला पोहोचले असावेत असा अंदाज आहे. सोनं लागलं ते चारेक हजारांना. आयुष्यभर पुरेल इतकं लागलेले काही शे. आणि आपण या कथेकडे कसे पाहतो? सोन्याच्या हव्यासापायी बर्फात मेलेले वेडे लोक. शाळेपासून आपल्याला सोन्याचं अंडं देणारी कोंबडी आणि हात लावील ते सोनं करणारा राजा शिकवलेला असतो, त्यामुळे हा निकाल तोंडात तयारच असतो. मला हा निकाल मान्य नाही. तो चुकीचा आहेच, शिवाय फार सोयीचा आहे, कारण एकदा का धावणाऱ्याला लोभी ठरवलं की त्याला धावायला लावणारा आपोआप सुटतो.

ही माणसं कोण होती ते आधी पाहू. १८९३ साली अमेरिकेत मोठी आर्थिक पडझड झाली. शेकडो बँका बुडाल्या, रेल्वे कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, कारखान्यांना टाळी लागली. चार वर्षं लोक कामासाठी वणवण करत होते. पोर्टलंड जहाज लागलं ते अशा गावाच्या धक्क्याला. ज्याच्या घरी चार वर्षं धड पगार आलेला नाही, त्यानं उसनेपासने करून उत्तरेची वाट धरली तर त्याला आपण हव्यास म्हणायचं की नाइलाज? दोन्ही असेल. माणसाच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या नसतात.

आता धावायला लावणारे. सिएटलच्या व्यापारी मंडळानं एरास्टस ब्रेनर्ड नावाच्या मुरलेल्या पत्रकाराला प्रचाराच्या कामाला लावलं. या गृहस्थानं देशभरच्या वर्तमानपत्रांत आणि मासिकांत जाहिराती दिल्या, लेख पेरले, गावोगावच्या महापौरांना पत्रं धाडली. सिएटलला स्थायिक झालेल्या लोकांकडून त्यांच्या मूळ गावी पत्रं लिहून घेतली, मजकूर तयार करून दिला, तिकीटही लावून दिलं. सांगणं एकच होतं: क्लॉन्डाइकला जायचं तर सिएटलवरून जा आणि सामान इथंच घ्या. सोनं आहे की नाही, शिल्लक आहे की संपलं, हा त्या प्रचाराचा विषयच नव्हता. तंबू, बेकन, सोललेल्या डाळी, लोकरीचे कपडे, करवती, खिळे यांचा खप हा विषय होता. एक शहर त्या खपावर उभं राहिलं. यात बेकायदा काही नव्हतं, आणि मला नेमकं तेच खुपतं.

कोणी इशारा दिला नाही असंही नाही. ऑगस्ट १८९७ मध्ये अमेरिकेचे अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री कॉर्नेलियस ब्लिस यांनी जाहीर निवेदन काढून सांगितलं की हंगाम उलटून गेला आहे, आता निघाल तर वाटेत हिवाळा गाठेल. निवेदन वर्तमानपत्रांत छापून आलं, अर्थातच त्याच पानांवर जिथं सामानाच्या जाहिराती होत्या. लोकांनी ते वाचलं आणि निघाले. सरकारच्या दृष्टीनं आपलं कर्तव्य पार पडलं होतं. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा राजमान्य प्रकार आहे: धोक्याची सूचना छापायची, मग जे होईल ते ज्याच्या त्याच्या कपाळावर ढकलायचं.

माझं म्हणणं या इशाऱ्याबद्दलच आहे. ज्या धावेत हजारो माणसं उतरतात तिथं इशारा कवडीमोलाचा असतो. अट मात्र जीव वाचवते. आणि हे मी तर्कानं सांगत नाही, त्याच धावेत ते डोळ्यांसमोर घडलं.

१८९७ च्या शरद ऋतूत डॉसनला अन्नाचा तुटवडा पडला. माणसं आली, पिठाची पोती आली नाहीत, नदी गोठली. पोलिसांनी लोकांना गाव सोडून खाली जायला सांगायची वेळ आली. यातून धडा घेऊन कॅनडाच्या नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी १८९८ च्या सुरुवातीला अलास्काच्या किनाऱ्यावरून आत जाणाऱ्या वाटांवरच्या खिंडींच्या माथ्यावर चौक्या बसवल्या आणि एक अट घातली. जवळ वर्षभराचा शिधा आणि साधनसामग्री असल्याशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही. अन्नच साधारण सव्वापाचशे किलो, त्यावर तंबू, हत्यारं, भांडीकुंडी, कपडे. सगळं मिळून टनाच्या घरात.

टन हा शब्द कागदावर हलका वाटतो. त्यातल्या चिल्कूट खिंडीच्या वाटेवर तो काय होता ते सांगायला हवं. डाया या किनाऱ्यावरच्या गावापासून खिंड ओलांडून बेनेट सरोवरापर्यंतची वाट सुमारे ५३ किलोमीटरची. पाठीवर माणूस एका वेळी पंचवीस-तीस किलो नेऊ शकतो. म्हणजे एकाच माणसाचं सामान हलवायला तीस ते चाळीस खेपा. तीस ओझी पुढं न्यायची तर तीसदा जायचं आणि एकोणतीसदा रिकाम्या पाठीनं परत यायचं. थोडं अंतर सामान न्यायचं, बर्फात ढीग रचून खूण म्हणून काठी रोवायची, मागं फिरायचं. असं टप्प्याटप्प्यानं, तीन-तीन महिने. शेवटचा चढ इतका उभा की तिथं बर्फात सुमारे दीड हजार पायऱ्या खोदल्या होत्या. रांगेतून एकदा बाजूला झालात की परत घुसायला जागा मिळेपर्यंत उभं राहायचं. त्या काळ्या रांगेचे फोटो जगभर गाजले. फोटोत दिसतो तो चढ. उतार दिसत नाही: माथ्यावर ओझं टाकलं की माणसं फावड्यावर किंवा थेट बुडावर बसून बर्फावरून घसरत खाली यायची आणि पुढचं ओझं उचलायची.

ज्यांच्याकडे पैसे होते ते त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवासी त्लिंगित लोकांना हमाल म्हणून लावत. दर पौंडावर ठरलेला, आणि घासाघीस करण्यात ते व्यापाऱ्यांना ऐकत नसत. ही वाट पिढ्यान् पिढ्या त्यांचीच होती. ३ एप्रिल १८९८ ला खिंडीखाली हिमकडा कोसळला आणि साठहून जास्त माणसं गाडली गेली. त्या दिवशी बर्फाची लक्षणं पाहून त्लिंगित हमालांनी काम करायला नकार दिला होता. त्यांच्याकडे ताजी बातमी होती, पण तिला छापणारं कोणी नव्हतं.

शेजारच्या व्हाइट पासची वाट कमी उभी, म्हणून लोकांनी तिथं घोडी नेली. बहुतेक मालकांनी आयुष्यात कधी घोड्यावर ओझं लादलेलं नव्हतं. सुमारे तीन हजार घोडी त्या वाटेवर मेली. दगडांत पाय मोडून, उपासमारीनं, ओझ्याखाली. वाटेला मेलेल्या घोड्यांची वाट हेच नाव पडलं. सोन्याच्या धावेची कुठलीही चर्चा माणसांच्या हालांवर थांबते. या जनावरांनी कुठलीही जाहिरात वाचली नव्हती.

टनाच्या अटीवर आक्षेप घेता येतात, आणि ते खरे आहेत. पहिला म्हणजे ती गरिबाला बाहेर ठेवणारी होती. एवढं सामान विकत घ्यायला लागणारे काहीशे डॉलर ज्याच्याकडे नव्हते तो माथ्यावरून परत फिरला. म्हणजे ज्याला धावेची सर्वांत जास्त गरज, त्यालाच दार बंद. दुसरा आक्षेप असा की या अटीनं सामान विकणाऱ्यांचंच फावलं. ब्रेनर्डला याहून चांगली जाहिरात सुचली नसती. आणि तिसरा, कॅनडा सरकारनं हे दयेपोटी केलं नव्हतं. माथ्यावरच्या चौकीत मॅक्सिम मशीनगन होती, अमेरिकेतून आणलेल्या मालावर जकात घेतली जात होती, सरहद्द आपली आहे हे ठसवायचं होतं. सोन्यावर दहा टक्के स्वामित्वधनही लावलं होतं. सरकारला या धावेत आपला वाटा हवा होताच.

हे सगळं मान्य करूनही मी अटीच्याच बाजूनं आहे. कारण १८९८-९९ च्या हिवाळ्यात डॉसन आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी पट फुगलेलं होतं, तरी भुकेनं हाहाकार माजला नाही. अट घालणाऱ्याचा हेतू शुद्ध असावा लागतो असं नाही. अट पाळली जाते की नाही आणि ती नेमक्या धोक्याला लागू पडते की नाही, एवढंच पाहावं लागतं.

सॅम स्टील या पोलीस अधिकाऱ्याची गोष्ट यासाठीच मला महत्त्वाची वाटते. २९ मे १८९८ ला बेनेट सरोवरावरचा बर्फ फुटला आणि तिथून पाण्यानं डॉसनकडे जाणाऱ्या हजारो होड्या एकदम सुटल्या. पोलिसांनी सात हजारांवर होड्या मोजल्या. ओल्या लाकडाच्या, हौशी हातांनी ठोकलेल्या. पुढं माइल्स कॅन्यन आणि व्हाइट हॉर्सचे धबाबा वाहणारे प्रवाह होते. पहिल्या काही दिवसांतच दीडशेच्या आसपास होड्या फुटल्या, दहाएक माणसं बुडाली. स्टीलनं तिथं येऊन लोकांना जमवलं आणि सांगून टाकलं की पोलीस चालता चालता कायदे करतात असं तुम्ही म्हणता, तर आता मी तेच करणार आहे. बायका-मुलांनी काठानं चालत जायचं. होडी तपासल्याशिवाय पाण्यात सोडायची नाही. सुकाणूवर जाणता माणूस हवा. नियम मोडला तर शंभर डॉलर दंड. त्यानंतर तिथं बुडून मरणं जवळजवळ थांबलं. प्रत्येक होडीला क्रमांक रंगवला होता आणि आत कोण आहे, मागं कुणाला कळवायचं, याची नोंद पोलिसांकडे होती. हजारो अनोळखी माणसांचा घरचा पत्ता कोणीतरी लिहून ठेवावा, ही मला त्या सगळ्या धावेतली सर्वांत सुसंस्कृत गोष्ट वाटते.

याउलट सरहद्दीच्या अलीकडे, अलास्कातलं स्कॅग्वे. तिथं अटी नव्हत्या, मोकळीक होती. सोपी स्मिथ नावाच्या भामट्याच्या टोळीनं तिथं तार ऑफिस थाटलं होतं. पाच डॉलर घेऊन घरी तार करायची सोय. तारा भिंतीबाहेर जाऊन संपत होत्या. तरी उत्तरं येत, आणि उत्तरात घरच्यांनी पैसे पाठवायला सांगितलेलं असे. जुलै १८९८ मध्ये गावकऱ्यांशी झालेल्या गोळीबारात तो मेला. तोवर किती जणांनी बायकोला पाठवतोय असं समजून त्याचा खिसा भरला, याचा हिशोब नाही.

डॉसनला पोहोचल्यावर काय झालं ते थोडक्यातच सांगण्यासारखं आहे, कारण फारसं काही झालं नाही. हजारो माणसं होड्यांतून उतरली, चिखलाच्या रस्त्यांवरून हिंडली, ओढ्याकाठचे सगळे पट्टे गेल्याचं ऐकलं. कित्येकांनी सोनं शोधायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. खिंडीवरून तीस-चाळीस खेपा करून आणलेलं सामान रस्त्यावर मांडून विकलं आणि परतीचं तिकीट काढलं. राहिलेल्यांपैकी बरेच दुसऱ्याच्या पट्ट्यावर रोजंदारीला लागले. तिथली जमीन बारमाही गोठलेली. रात्री खड्ड्यात लाकडं पेटवायची, सकाळी वितळलेली माती उपसायची, पुन्हा पेटवायचं. असा हिवाळाभर ढीग साठवायचा आणि वसंतात पाणी सुटलं की धुवायचा. धुईपर्यंत ढिगात काय आहे ते कळत नाही. त्यात स्कर्व्ही आणि विषमज्वर. पैसा झाला तो जोसेफ लाड्यूसारख्यांचा, ज्यानं सोन्याऐवजी गावाची जागा नावावर केली आणि प्लॉट पाडून विकले. किंवा बेलिंडा मुलरूनीचा, जिनं गरम पाण्याच्या पिशव्या आणि कापड विकून सुरुवात केली आणि हॉटेल बांधलं.

तरी माझ्या शिळ्या बातमीच्या सिद्धांताला एक खोच आहे, ती लपवणं बरं नाही. तिथं नवख्याला चीचाको म्हणत. जुन्यांना सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा गोळा जपून हिवाळा काढलेले. जुन्यांचं म्हणणं सोनं ओढ्याच्या तळाशीच असतं, टेकडीवर शोधणारा मूर्ख. काही नवख्यांनी जुन्यांचं न ऐकता टेकड्या खणल्या आणि प्राचीन नदीच्या पात्रातलं सोनं त्यांना लागलं. एका टेकडीचं नावच चीचाको हिल पडलं. म्हणजे उशिरा येणाऱ्यांना सगळंच संपलेलं नसतं. म्हणूनच दार बंद करावं असं मी म्हणत नाही. आशेला बंदी घालणारं सरकार मला ब्रेनर्डपेक्षाही नको आहे.

सोन्यामागं घर सोडणारी माणसं आपल्याकडेही आहेत, आणि त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली गलाई करणारी मंडळी देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचलेली आहेत. सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. भट्टीची धग, तेजाबाचा धूर, परकी भाषा. पण तिथं जाणारं पोर कुणाची जाहिरात वाचून जात नाही. चुलता किंवा मामा आधी गेलेला असतो. त्याच्या दुकानात काही वर्षं राबायचं, धंदा शिकायचा, मग भावकीतल्या कुणाच्या तरी आधारानं स्वतःची भट्टी लावायची. यात पिळवणूक नाही असं म्हणणार नाही, मामा फुकट राबवूनही घेतो. पण चुलत्याची बातमी शिळी नसते. पोरगं बुडालं तर चुलत्याची गावात अब्रू जाते. ब्रेनर्डचं असं काय जाणार होतं?

आज आपल्याकडची धाव मोबाइलवर चालते. शेअर बाजारातल्या फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर गेला, असं सेबी या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आहे. गंमत म्हणजे दहातले नऊ बुडतात ही सूचना २०२३ पासून ब्रोकरच्या ॲपवर समोरच यायची. लोक ती बोटानं सरकवून पुढं जात होते, ब्लिससाहेबांचं निवेदन वाचून गेले तसेच. मग नोव्हेंबर २०२४ पासून सेबीनं शेअर निर्देशांकांवरच्या एका कराराचं किमान मूल्य वाढवून १५ लाखांवर नेलं. त्यावर लगेच ओरड झाली की हे छोट्या माणसाला बाहेर ठेवणं आहे. चिल्कूटच्या माथ्यावरचा पहिला आक्षेप जसाच्या तसा. उत्तरही माझं तेच आहे, फक्त एक पुस्ती जोडून: अट धावणाऱ्यावर घातली तशी धावायला लावणाऱ्यावरही घाला. स्टीलनं होडी तपासली, पण होडीचे खिळे आणि स्वप्न विकणारा सिएटलमध्ये त्याच्या हाताबाहेर होता. आज तो हाताबाहेर नाही. त्याचं चॅनल आहे, वर्ग आहेत, फी आहे.

आणि अटीचा सर्वांत मोठा दोष मी अजून सांगितलेला नाही. ती धावणाऱ्यांचं रक्षण करत होती. जे धावतच नव्हते त्यांचं काय? क्लॉन्डाइक हे नावच ट्रॉन्डेक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या हान भाषेतल्या शब्दाचा परक्यांच्या तोंडी झालेला अपभ्रंश. नदीत सामन माशांसाठी बांध घालताना दगडी हातोड्यानं खुंट ठोकायचे, त्यावरून ते नाव. नदीच्या मुखाशी हान लोकांचा मासेमारीचा तळ होता. दोन वर्षांत तिथं तीस हजार लोकांचं गाव झालं, जंगल सरपणासाठी तुटलं, शिकार गेली, मासे गेले, रोग आले. स्वतःच्या जबाबदारीवर धोका पत्करणारा माणूस हा शब्दप्रयोग ऐकला की मला हे आठवतं. धोक्यातला बराचसा भाग अशांच्या वाट्याला जातो ज्यांना कोणी विचारलेलंच नसतं. त्यांच्या बाजूनं माथ्यावर चौकी नव्हती.

हान लोकांचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी आपल्या माणसांना डॉसनपासून काही किलोमीटर खाली, मूसहाइड इथं हलवलं. या गर्दीत आपली गाणी आणि नाच टिकणार नाहीत हे त्यांनी ओळखलं आणि ते अलास्कातल्या आप्तांकडे सांभाळायला दिले. हजारो माणसं टनभर सामान वाहून आत येत होती, त्याच सुमारास. सोनं उपसून गर्दी १८९९ च्या उन्हाळ्यात अलास्कातल्या नोमच्या किनाऱ्याकडे पळाली. ऑगस्टमधल्या एका आठवड्यात आठ हजार माणसांनी डॉसन सोडलं. गाणी अलास्कातच राहिली. ती परत आणण्याचं काम सुरू झालं १९९० च्या दशकात.